दंडाच्या रकान्यातली बाई

पनवेल तालुक्यातल्या शिरढोणहून आम्ही बोलतोय. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे गाव. ४ नोव्हेंबर १८४५ ला त्यांचा जन्म इथेच झाला. त्यांच्या स्मृतिदिनाला, १७ फेब्रुवारीला, बाहेरून माणसं येतात, भाषणं होतात. एरवी मुंबई-गोवा हायवेवरून गाड्या कर्नाळ्याकडे सरळ निघून जातात आणि आपण आपल्या कामाला लागतो.

आज बोलायचंय ते आमच्याच एका चुकीबद्दल. आम्ही म्हणजे गटाच्या बाया. आमच्यातल्या दोघीतिघी म्हणाल्या, रेडिओवर असलं कशाला सांगायचं, आपलं हसू होईल. पण शेवटी ठरलं, सांगू या. तुमच्याही गावात असं झालं असेल, होत असेल.

आमच्या गटाची बैठक गुरुवारी दुपारी असते. गैरहजर राहिलं तर दहा रुपये दंड. हा नियम आम्हीच केलाय आणि आम्ही तो पाळतो. पंचसूत्री तुम्हाला पाठ असेलच : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. आमची वही तपासायला आलेल्या ताईंनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, इतकी नीटनेटकी वही तालुक्यात थोड्याच गटांची असेल. आम्ही किती दिवस त्याच फुशारकीत होतो.

त्याच वहीत एका मावशींच्या नावापुढे लागोपाठ सात गुरुवार दंड लिहिलेला आहे. सात वेळा दहा, सत्तर रुपये. बचत वेळेवर, दंडही वेळेवर. शेजारच्या घरातली एक मुलगी यायची, मुठीत घडी केलेल्या नोटा द्यायची आणि पळायची. आम्ही लिहून घ्यायचो. सात आठवड्यांत आमच्यापैकी एकीनेही त्या मुलीला विचारलं नाही की आजी कुठे आहे, काय करते. पैसे येत होते ना. वही बरोबर होती ना.

आठव्या गुरुवारी मुलगी आलीच नाही, तेव्हा आमच्यातल्या दोघी मावशींच्या घरी गेल्या. खरं सांगायचं तर बचतीचे पैसे राहिले म्हणून गेल्या. मावशी दाराशी आल्या. लुगडं स्वच्छ, घर झाडलेलं. म्हणाल्या, "मना काय झालंय? मी बरी हाय." चहा मात्र ठेवला नाही. आगरी घरात आलेल्या बाईला चहाचं विचारायचं राहून जातं म्हणजे काय, ते आम्हाला समजलं. आत चूल थंड, भांडी पालथी. दुपारचे तीन वाजले होते. जेवलात का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, एकटीसाठी काय रांधायचं, सकाळचा चहा होता, बटर होतं.

मावशींना काही कमी नाही. पक्कं घर आहे. मुलगा नोकरीला आहे, नवी मुंबईत फ्लॅटमध्ये राहतो, महिन्याला पैसे पाठवतो, रविवारी फोन करतो. मुलगी लांब दिलीय. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. कोणी त्यांना टाकलेलं नाही. म्हणूनच तर कुणाच्या लक्षात आलं नाही. टाकलेल्या बाईकडे गाव निदान बघतं तरी.

एकटं राहणं आणि एकटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही त्यानंतर शिकलो. काही बाया एकट्या राहतात आणि मजेत असतात. कोंबड्या, परसातली वांगी, टीव्हीवरची मालिका, सगळं व्यवस्थित. आणि काही जणी आठ माणसांच्या घरात असून एकट्या असतात. आपल्याला जितकी माणसं हवीशी वाटतात आणि जितकी खरोखर आहेत, त्यात जी तूट पडते तिला एकटेपणा म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये याच विषयावर मोठा अहवाल काढला. त्यात म्हटलंय, जगात दर सहा माणसांत एकाला हा त्रास आहे. आणि याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या वर असावेत असा त्यांचा अंदाज आहे. एकटेपणाने मन खचतं हे आपल्याला माहीत होतं. पण हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह यांचाही धोका त्याने वाढतो. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या कामासाठी सरकारात मंत्री नेमले. ऐकून आमच्या गटात हशा पिकला होता, एकटेपणाचा मंत्री! पण थोडं थांबून विचार केला तर हसण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

आपल्याकडे हे कुठून आलं? आमच्या सासवांच्या वेळी विहिरीवर रोज दोन वेळा भेट व्हायची. पाणी भरणं हा जीव काढणारा कष्ट होता, तो परत यावा असं कुणी म्हणणार नाही. नळ आला ते चांगलंच झालं. पण विहिरीवर जे बोलणं व्हायचं, ते नळाबरोबर घरात आलं नाही. भाताची लावणी एकमेकींच्या शेतात जाऊन व्हायची, चिखलात वाकून कंबर मोडायची, पण तोंड चालू असायचं. आता आपल्या भागात किती जणींकडे शेत उरलंय? जमिनी गेल्या, पैसे आले, बंगले झाले, बंगल्याला कंपाउंड आलं, कंपाउंडला गेट आलं. ओटी गेली. ओटीवर बसलेल्या बाईला जाता-येता कुणीही हाक मारायचं. गेट वाजवून आत यायला काहीतरी काम लागतं.

तर मावशींचं काय करायचं, हे आम्ही बैठकीत बोललो. आणि इथे आम्ही दुसरी चूक केली.

आम्हाला वाटलं, बाईला बाहेर काढलं पाहिजे, मन रमवलं पाहिजे. चैत्रात एकवीरेला जायचं होतंच, गाडी ठरलेली होती. मावशींना आग्रह करकरून नेलं. गाडीत गाणी, कार्ल्याच्या पायऱ्या, दर्शन, खाली येऊन जेवण, फोटो. आम्ही सगळ्या खूश. मावशी खिडकीशी बसून होत्या. कुणी बोललं तर हसत होत्या. रात्री त्यांना दारात सोडलं, आम्ही हात हलवले आणि गाडी पुढे निघाली. नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं, त्या रात्री कुलूप उघडून आत गेल्या तेव्हा घर आधीपेक्षा मोठं वाटलं. दोन दिवस त्या उठल्याच नाहीत.

आम्हाला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, हेही सांगून टाकतो. इतकं केलं आणि वर हे. मग आमच्या आशाताईंनी समजावलं. प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं होतं आणि पुढे आम्हीही वाचलं. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात जॉन कॅसिओपो नावाचे संशोधक होते, त्यांनी बरीच वर्षं एकटेपणाचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की एकटेपणा हा भूक-तहानेसारखा आहे. भूक लागली की शरीर सांगतं खा, तसं एकटेपणा सांगतो माणसांत जा. पण त्यात एक पेच आहे. बरेच दिवस एकटं राहिलेलं मन सावध होतं. दुखावलं जाऊ नये म्हणून समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी नकार शोधतं. दोघी कुजबुजल्या तर वाटतं माझ्याबद्दलच बोलताहेत. कुणी बोलावलं तर वाटतं दया म्हणून बोलावलं. म्हणजे ज्याला माणसांची जास्त गरज, तोच माणसांपासून मागे सरतो. चाळीस बायांच्या गाडीत मावशींना आनंद झाला नसेल असं नाही, पण आनंदाबरोबर त्यांना सारखं जाणवत होतं की या सगळ्या एकमेकींच्या आहेत, आणि मी पाहुणी आहे.

मोठा कार्यक्रम एक दिवसाचा असतो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कोण बघणार?

आता गोव्याची गोष्ट सांगतो, कारण आम्हाला ती फार उपयोगी पडली. गोव्यात 'संगाथ' नावाची संस्था आहे. त्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याचा जास्त त्रास असलेल्या ४९५ लोकांबरोबर एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आला. या लोकांशी बोलायला त्यांनी मानसोपचाराचे डॉक्टर ठेवले नव्हते. तिथलेच साधे लोक घेऊन त्यांना प्रशिक्षण दिलं. म्हणजे आपल्यासारखेच म्हणा ना. ते सहा ते आठ वेळा भेटायचे. भेटीत उपदेश नाही. तुम्हाला पूर्वी काय करायला आवडायचं, त्यातलं काय सुटलं, आणि या आठवड्यात त्यातली एखादी छोटी गोष्ट कधी, किती वाजता, कुणाबरोबर कराल, एवढंच ठरवायचं आणि पुढच्या भेटीत विचारायचं. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा या लोकांत शंभरातल्या ६४ जणांचा आजार ओसरला होता. ज्यांना दवाखान्याची नेहमीची सोय थोडी सुधारून दिली होती, त्यांच्यात हा आकडा ३९ होता.

यात गंमत कुठे आहे बघा. आपण सगळ्या म्हणतो, मन लागत नाही म्हणून करत नाही. मन लागलं की करीन. ते लोक म्हणतात, उलटं करा. मन लागायची वाट बघू नका, आधी थोडंसं करा, मन मागून येतं. आपल्या आज्या सांगायच्या तसंच, हात चालला की जीव रमतो. फक्त आज्या ते सगळ्यांना एका सुरात सांगायच्या आणि ऐकणारीला वाटायचं, ही मला आळशी म्हणतेय. गोव्यातले लोक ते बाजूला बसून, तिच्या आवडीचं तिलाच विचारून ठरवतात. एवढाच फरक, पण त्याच्याने बरंच होतं.

मग मावशींना आवडायचं काय? आम्हाला माहीत नव्हतं. दहा वर्षं एका गटात बसतो, त्यांच्या कर्जाचा हप्ता, आधार कार्ड, खाते क्रमांक सगळं माहीत, आणि आवड माहीत नाही. विचारायला गेलो तर म्हणाल्या, आता कसली आवड. तीन वेळा हेच. चौथ्या वेळी आमच्यातली एक जण, तिच्या नणंदेचं लग्न ठरलं होतं, सहज म्हणाली, "मावशी, आमच्याकडे डीजे नको म्हणताहेत सासरे. हळदीला धवले कुणाला येतात हो आता?"

धवले म्हणजे आगरी लग्नातली विधीची गाणी, ती म्हणणारी ती धवलारीण. हळदीपासून प्रत्येक विधीला वेगळं गाणं, वेगळी चाल. मावशींची सासू धवलारीण होती. मावशी पंधरा-वीस वर्षं तिच्या मागे बसून साथ द्यायच्या. सासू गेली, मग गावोगाव डीजे आले, आणि नवरा गेल्यावर मावशींनी लग्नाला जाणंच सोडलं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "येतात म्हंजे काय, इसरले असंन." आणि दाराच्या चौकटीला टेकून दोन कडवी म्हणाल्या. तिसऱ्याला अडखळल्या. चिडल्या स्वतःवर. म्हणाल्या, उद्या ये, रात्री आठवून ठेवते.

मैत्रिणींनो, ज्या बाईला दोन महिने उद्या कशाला उजाडतं असं वाटत होतं, ती उद्या ये म्हणाली.

आम्ही एकवीरेला नेऊन जे जमलं नाही, ते असं जमलं. आणि त्यात आमची काही हुशारी नव्हती, योगायोग होता. पण योगायोगावरूनही शिकता येतं. एकवीरेच्या वेळी आम्ही मावशींना काहीतरी देत होतो. इथे आम्ही त्यांच्याकडे मागायला गेलो होतो, आणि गरज खरी होती. खोटी गरज दाखवली असती तर त्यांनी ती तेव्हाच ओळखली असती. आधीच सावध झालेलं मन ते.

त्यानंतर दर गुरुवारी बैठक संपली की अर्धा तास धवले लिहून घ्यायचं ठरलं. जुन्या वहीची मागची कोरी पानं होती, त्यात. मावशी सांगतात, एक जण लिहिते, एक मोबाइलवर आवाज भरून घेते. पहिल्या वेळी तिघी थांबल्या, बाकीच्या रांधायला पळाल्या. आता नऊ-दहा जणी थांबतात. शब्दावरून भांडणं होतात. एका शब्दाचा अर्थ कुणालाच येईना तेव्हा मावशींनी माहेरच्या चुलत बहिणीला फोन लावला. त्या बहिणीशी सहा वर्षं बोलणं नव्हतं.

मावशी लगेच बऱ्या झाल्या असं समजू नका. पावसाळ्यात पुन्हा दोन आठवडे आल्या नाहीत. चूल काही दिवस पेटते, काही दिवस नाही. पण आता आम्हाला कळतं. गटाने एक नियम वाढवलाय. दंड आहेच, तो काढला नाही, कारण नियम मोडला की गट मोडतो. पण लागोपाठ दुसरा गुरुवार चुकला तर दंड लिहायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जाऊन यायचं. हात हलवत नाही जायचं, काहीतरी विचारायला, मागायला किंवा सोबत निवडायला-सोलायला जायचं. वाल सोलत बसलेल्या बाईशी जेवढं बोलणं होतं तेवढं समोर खुर्ची टाकून होत नाही. वाल भिजवून मोड आणून सोलायला दोन तास लागतात, आणि बिरड्याला घाई चालत नाही, हे बरंच आहे.

नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यातही असंच काम झालं. पुण्याच्या 'सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी' या संस्थेने २०१३ पासून तिथल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाने ते केलं. गावातलेच स्वयंसेवक, त्यात बचत गटातल्या बायांसारख्याच बाया. कोण गप्प झालंय, कोण बैठकीला येईनासं झालंय यावर नजर ठेवायची, मग चार-सहा वेळा जाऊन बसायचं, ऐकायचं. आणि आणखी एक गोष्ट ते करतात, ती आम्हाला फार पटली. त्या बाईचं सरकारी कामही करून देतात. निराधार योजनेचा अर्ज अडलाय, हयातीचा दाखला राहिलाय, बँकेत केवायसी झालेलं नाही, ते बघतात. कारण पेन्शन चार महिने थकलेल्या बाईला तुम्ही गाणी म्हणायला सांगितलीत तर तिने काय करावं? आनंदाच्या आड पोटाची काळजी आली तर आधी ती काळजी बघायला हवी. सगळं दुःख मनातलंच असतं असं सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही.

आफ्रिकेत झिंबाब्वे नावाचा देश आहे. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहरात दवाखान्याच्या आवारात एक बाक टाकलं आणि त्यावर वस्तीतल्या आज्यांना बसवलं. शिकवून, अर्थातच. ज्याला मनाचा त्रास तो आजीजवळ येऊन बसतो. तिथल्या भाषेत या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणं. आपल्याकडेही म्हणतातच की, तिला विचार लागलाय. इतक्या लांबचा देश आणि शब्द अगदी तोच. आम्हाला सगळ्यात आवडलं ते हे की त्या बाकावरच्या आज्यांनाही या कामाने बरं वाटतं.

संक्रांतीचंही बोलायला हवं. हळदीकुंकू हा आपल्याला आनंदाचा दिवस वाटतो. वाण, तिळगूळ, नवी साडी. पण त्याच दिवशी गल्लीतली विधवा बाई दार लोटून बसते, हे आपल्याला दिसतं आणि आपण न बघितल्यासारखं करतो. आम्हीही केलं, किती वर्षं. एकीचा आनंद दुसरीला तिच्या एकटेपणाची आठवण करून देत असेल तर तो सण कुणाचा? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. आम्ही गेल्या संक्रांतीला सगळ्यांना बोलावलं, कुणाला वेगळं बसवलं नाही. सगळं गोड झालं असं नाही. एक जुन्या काकू रीत मोडली म्हणून उठून गेल्या. मावशी आल्या, तिळगूळ घेतला, कुंकवाला मात्र नको म्हणाल्या. आम्ही पुढे केलेला करंडा मागे घेतला. त्यांचं मन त्यांचं. बोलावणं होतं, एवढं त्यांना पुरलं असावं, कारण त्या शेवटपर्यंत बसल्या.

आता दुसऱ्या एकीबद्दल. नाव, घर काही सांगत नाही. वयाने आमच्याच आसपासची, तिशीची. लग्न होऊन लांबच्या जिल्ह्यातून आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, नवरा कंपनीत शिफ्टला. बाळंत झाली आणि काही महिन्यांनी गप्प झाली. एकटेपणा म्हाताऱ्यांनाच असतो हा आपला समज, पण त्याच अहवालात म्हटलंय की तरुण वयात तो जास्त दिसतो. मावशींच्या अनुभवाने आमचा उत्साह वाढलेला. आम्ही तिला पोपटीला बोलावलं. जानेवारी होता, वालाच्या शेंगा आलेल्या, भांबुर्डीचा पाला घातलेलं मडकं, आग, पोरांचा दंगा. ती आली, आणि बाळ आमच्या हातात देऊन बाजूला जाऊन उभी राहिली. कितीतरी वेळ. आमच्यातल्या एकीने जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, बाळाला तुम्ही सांभाळाल का, मी नसले तर.

इथे शेंगा आणि गाणी पुरत नाहीत, मैत्रिणींनो. हे ओळखायला शिका. झोप नाही, अन्न नाही, अंघोळ-वेणी सुटलेली, बाळाकडे लक्ष नाही, जगून काय करू अशी भाषा, हे दोन आठवडे चाललं असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. आणि मरणाचा विचार बोलून दाखवला तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी हालायचं. तिला सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार येतो का म्हणून. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही चुकीची समजूत आहे. उलट सांगायला वाट मिळते. तिला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं, फवारणीचं विष हाताशी ठेवायचं नाही. आम्ही त्या रात्री तिच्याजवळ थांबलो आणि १४४१६ ला फोन लावला. हा सरकारचा 'टेलिमानस'चा क्रमांक, २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालाय. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. सकाळी नवऱ्याला समजावून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. औषधं सुरू झाली. तिच्या सासरच्यांनी आधी बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून धावाधाव केली होती, त्यात तीन आठवडे गेले होते. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, आपल्याकडे या आजाराला दुसरं नावच नव्हतं.

औषधांनी झोप लागायला लागली, तेव्हा कुठे तिच्या मनात बाकीच्या गोष्टींना जागा झाली. आता ती आमच्या पापडाच्या कामाला येते. बाळाला पाटावर झोपवते. तिच्या माहेरची खारोड्यांची पद्धत वेगळी आहे, बाजरीच्या, तीळ घातलेल्या. आमच्याकडे भाताचा मुलूख, बाजरी कोण खातो. पहिल्यांदा नाकं मुरडली. आता गटाच्या यादीत त्या खारोड्या आहेत आणि हायवेवरून जाणारे घाटावरचे लोक थांबून घेतात.

पुरुषांबद्दल कुणीतरी विचारेल म्हणून सांगतो. त्यांनाही हे होतं, आणि त्यांना गट नसतो. पारावर चार जण बसतात, पण बोलतात राजकारण. आमच्या एकीचे सासरे सकाळी अकरा वाजल्यापासून हायवेवरच्या गाड्या बघत बसायचे. आता गटाच्या मालाचं वजन ते करतात. एक ग्रॅम इकडे-तिकडे होऊ देत नाहीत, आम्हाला वैताग येतो.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या गटाची हजेरी काढा. मागच्या तीन महिन्यांत कुणाच्या नावापुढे फुल्या जास्त आहेत ते बघा. मग तिला काय येतं, ते आठवा. आठवत नसेल तर तिच्या घरी जा.

गेल्या गुरुवारी मावशी आल्या नाहीत. शेजारची ती मुलगी आली, पूर्वीसारखीच, मुठीत दहाची नोट. या वेळी आम्ही तिला थांबवलं, बसवलं, हातावर चिक्की ठेवली आणि विचारलं, आजी कुठे गेली? उरणला, म्हणाली. बहिणीच्या नातीच्या हळदीला. त्यांच्याकडचे लोक गाडी घेऊन न्यायला आले होते. आणि आजीने सांगितलंय, दंड घ्या म्हणून.

आम्ही वहीत लिहून घेतला.